कोष्टकात नसलेले शून्य

रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते, असे विचारले की निम्मा वर्ग क्षच्या जागी शून्य घालून मोकळा होतो. नावातच क्ष आहे, मग मुलांचे तरी काय चुकले? पण क्ष-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूची उंची शून्य असते, म्हणून तिथे शून्य होतो तो य. य-अक्षावर याच्या उलट. अक्षावर बोट फिरवून हे एकदा पटले की पाठ करावे लागत नाही.

आलेखात हे छेदनबिंदू निदान डोळ्यांना दिसतात. कोष्टकात ते बऱ्याचदा नसतातच, आणि खरी गंमत तिथेच आहे. गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला. 10 मिनिटांनी टाकीत 840 लिटर पाणी उरले, 20 मिनिटांनी 680, 30 मिनिटांनी 520. दर दहा मिनिटांना 160 लिटर जातात. एक पायरी मागे गेलो की 0 मिनिटाला 1000 लिटर: हा य-अक्षावरचा छेद, म्हणजे सुरुवातीचे पाणी. पुढे जात राहिलो तर 60 मिनिटांनी 40 लिटर उरतात आणि साडेबासष्टाव्या मिनिटाला टाकी रिकामी. हा क्ष-अक्षावरचा छेद. अर्थात धार शेवटपर्यंत तशीच राहिली तर! टाकीतली पातळी उतरली की खरा नळ मंदावतो, हे घरातल्या कोणालाही विचारा.

ही शंका या पुस्तकात आम्ही मुद्दाम जागी ठेवली आहे. स्थिर दाबाखाली 0 अंश सेल्सिअसला 273 मिलिलिटर असलेला वायू 100 अंशांना सुमारे 373 मिलिलिटर होतो. ही रेषा डावीकडे वाढवली तर ती तापमानाच्या अक्षाला उणे 273 अंशांच्या आसपास छेदते. खरा वायू त्याआधीच द्रवरूप होतो. तिथले शून्य आकारमान कोणी मोजलेले नाही. तरी तो बिंदू टाकाऊ नव्हे. 1848 साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष तापमानश्रेणी मांडली. तिचे शून्य आज उणे 273.15 अंशांवर मानले जाते.

वक्ररेषांच्या प्रकरणात कोष्टक आणखी कमी बोलते. क्ष 1 असताना य 3 आणि क्ष 2 असताना उणे 1 असेल, तर सलग वक्राने मधे कुठेतरी अक्ष ओलांडलाच. नेमका कुठे, हे त्या दोन ओळी सांगत नाहीत.

म्हणून इथल्या आकृत्यांत मोजलेला भाग अखंड रेषेने आणि वाढवलेला भाग तुटक रेषेने काढला आहे. आलेखवही आणि पट्टी मात्र जवळ हवी.