बर्फगाडी कोण ढकलतं?

फोनवर एक चित्र उघडा : फ्रान्स्वा बुशेचं 'हिवाळा', १७५५. सध्या ते न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे. सगळीकडे बर्फ, आणि नक्षीदार बर्फगाडीत बसलेली एक बाई. कपड्यांना फरची किनार, हात फरमध्ये खुपसलेले, गळा मात्र उघडा. मागून तातारी वेशातला एक पुरुष गाडी ढकलतोय. थंडी कुणालाच वाजत नाही.

बुशेनं चार ऋतूंची ही मालिका पंधराव्या लुईची मैत्रीण मादाम द पोम्पादूर हिच्यासाठी रंगवली. युरोपात ऋतूंची चित्रं काढायची जुनी रीत वेगळी होती. पंधराव्या शतकात लिंबर्ग बंधूंनी रंगवलेल्या फेब्रुवारीत माणसं लाकडं तोडतात, गाढव हाकतात, शेकोटीशी बसतात. बुशेनं चारही ऋतूंतून कष्ट काढून टाकले आणि फक्त मौज ठेवली. रोकोको शैलीचा स्वभावच तो.

गंमत म्हणजे बुशेला कष्ट माहीत नव्हते असं नाही. त्याच १७५५ साली तो गोबलँ या राजाच्या विणकाम कारखान्याचा निरीक्षक झाला. तिथले कारागीर चित्रं समोर ठेवून हातमागावर भिंतीचे पडदे विणत. माग त्याच्या रोजच्या कामातला, चित्रात मात्र नाही.

त्या काळात भारतीय सुती छिटाचं फ्रान्सला वेड लागलं होतं. देशातल्या लोकर आणि रेशीम धंद्याला वाचवायला १६८६ मध्ये छिटावर बंदी आली, ती १७५९ पर्यंत टिकली. तरी श्रीमंत घरांत छीट चोरून येतच राहिलं. ते कुणी विणलं, कुणी रंगवलं, ही नावं कुठल्याच चित्राखाली नाहीत.

भिवंडीत बसून हे चित्र बघितलं की नजर आधी ढकलणाऱ्याकडे जाते. इथे १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. आजही अनेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मजुरी मीटरवर ठरते. डिसेंबरच्या पहाटे रस्त्यावर गारवा असतो, आत मागांची खटखट आणि कापसाची धूळ. इथलं कापड पुढे कुणाच्या तरी सहलीच्या फोटोत दिसेल.

तो फोटो काढताना मागही चौकटीत घ्यावा, एवढंच बुशेकडून उलटं शिकता येतं.