जांभळी तावदाने

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना बॉस्टनचे बीकन हिल हमखास दाखवतो. विटांची घरे, विटांचेच पदपथ, उतरते अरुंद रस्ते. बीकन स्ट्रीटवरील ३९-४० आणि ६३-६४ क्रमांकांच्या घरांपाशी मात्र जरा मान वर करून पाहावे. काही खिडक्यांची तावदाने फिकट जांभळी दिसतील. बसवली तेव्हा ती रंगहीन होती.

यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. काच वाळूपासून होते आणि वाळूत थोडेफार लोह असतेच. त्याने काचेला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी जुने कारागीर वितळलेल्या काचेत मँगनीज डायऑक्साइड टाकत. त्याने लोहाचे ऑक्सिडीकरण होई, हिरवटपणा जाई आणि मँगनीज जवळजवळ रंगहीन रूपात काचेत राही. १८२० च्या सुमारास युरोपातून आलेल्या काही काचांत ते अंमळ जास्त पडले. पुढे अनेक वर्षे उन्हातील अतिनील किरणांमुळे त्या मँगनीजने इलेक्ट्रॉन गमावले आणि काच जांभळी झाली. मुळात हा मालातला दोष! पण आज तोच या टेकडीचा मान आहे. काहींनी तर हौसेने नव्या जांभळ्या काचाही बसवून घेतल्या.

हे जुनेपण टिकले ते रहिवाशांमुळे. १९४७ साली महापालिका वेस्ट सीडर स्ट्रीटच्या पदपथावरील विटा उखडायला निघाली, तेव्हा तिथल्या बायका त्या विटांवरच ठाण मांडून बसल्या. १९५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने बीकन हिलला ऐतिहासिक विभाग ठरवले. १९५८ आणि १९६३ साली त्याची हद्द वाढली. तेव्हापासून रस्त्यावरून दिसणारा घराचा भाग बदलायचा तर आयोगाची संमती लागते. खिडक्याही त्यात आल्या.

आपल्यापैकी कोणी अशा विभागात घर घेतले की पहिला प्रश्न ठरलेला: घर माझे, कर्ज माझे, मग खिडकी कोणती ते यांनी का ठरवायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी एक फरक समजून घ्यावा. १९६६ च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत घराचे नाव असले, तरी स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या खासगी मालकावर केवळ त्यामुळे बंधन येत नाही. बंधन येते ते स्थानिक ऐतिहासिक विभागाचे.

त्या नियमांचा सर्वसाधारण क्रम असा: आधी दुरुस्ती, ते शक्यच नसेल तर तशीच नवी खिडकी. जुन्या वरखाली सरकणाऱ्या खिडकीचा प्रत्येक भाग सुटा होतो. दोरी तुटली तर दोरी, काच फुटली तर काच, लाकूड कुजले तर तेवढीच पट्टी बदलता येते. उलट दुहेरी काचेच्या बंद खिडकीचे सील गेले की आत धुके धरते आणि काचेची ती जोडीच बदलावी लागते. थंडीसाठी जुन्या खिडकीला चांगली स्टॉर्म विंडो लावली, तर उष्णतेची बचत पुष्कळशी नव्या खिडकीइतकीच होते.

एका बाबतीत मात्र हयगय नको. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते. खिडकी वरखाली करताना रंग घासला जातो आणि त्याची धूळ लहान मुलांच्या हातातून तोंडात जाते. सहा वर्षांखालील मूल घरात असेल, तर मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे शिशाचा बंदोबस्त करावाच लागतो. त्यासाठी खिडकी फेकायलाच हवी असे नाही. परवानाधारक माणसाकडून ती उतरवून, रंग काढून पुन्हा बसवता येते. हे काम घरी खरवडून करू नये.

तेव्हा जुने घर पसंत पडले, तर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: टाउन हॉलमध्ये विभागाची चौकशी आणि शिशाची तपासणी. नंतर खिडक्यांकडे निवांत पाहावे. दोनशे वर्षांपूर्वी कोणी एखादे सदोष तावदान बदलून टाकले असते, तर आज पाहुण्यांना दाखवायला ते उरले नसते.