समुपदेशकाला सांगितलेले गावच्या डॉक्टरला किती कळावे?

पुसेगावसारख्या (ता. सेनगाव, जि. हिंगोली) गावातला रुग्ण मानसोपचारासाठी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी जातो, ताप, बीपी, शुगर यांसाठी मात्र गावातलाच डॉक्टर असतो. ‘डोक्याची गोळी’ चालू असल्याचे लोकांना कळू नये म्हणून तो गावच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. हे मौन जिवावर बेतू शकते.

का कळवावे?
लिथियम चालू असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या किंवा बीपीच्या काही गोळ्या दिल्या, तर रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. ओलान्झापिनने वजन व साखर वाढू शकते. उलट बाजूने, थायरॉईड कमी पडल्यामुळे येणारा थकवा व उदासी नैराश्यासारखीच दिसते. म्हणून माहिती दोन्हीकडून जायला हवी.

कायदा काय म्हणतो?
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. उपचार करणाऱ्या दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला उपचारासाठी माहिती देता येते. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीलाही ती देता येते. जीविताला धोका असेल तर तो टाळण्यापुरतीच माहिती उघड करता येते. न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता असे आणखी काही अपवाद आहेत. सरपंच, मालक, वसतिगृहाचे अधीक्षक किंवा संघटनेचे पदाधिकारी यांना केवळ पदामुळे ती मागता येत नाही.

किती कळवावे?
आजाराचे नाव, औषधे व त्यांची मात्रा, तपासण्या आणि धोक्याच्या खुणा एवढे बहुतेक वेळा पुरते. घरातले भांडण, प्रेमसंबंध, जातीवरून झालेला अपमान हे समुपदेशनात बोललेले तिथेच राहावे. लहान गावात डॉक्टर, कंपाउंडर, मेडिकलवाला सगळे ओळखीचे असतात. आपले बोलणे गावात जाईल अशी भीती असेल, तर आपला तरुण मूळ दुखणे समुपदेशकालाही सांगणार नाही आणि उपचार तिथेच अडकतील.

रुग्णाने काय करावे?
- पहिल्याच भेटीत विचारावे : “माझ्या डॉक्टरांना काय कळवणार?”
- औषधांची चिठ्ठी स्वतः वाचून, बंद पाकिटातून डॉक्टरांना द्यावी.
- आपल्या उपचारांच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे, तो वापरावा.
- सेवेत त्रुटी असल्यास कलम २८ नुसार आधी संस्थेच्या प्रमुखाकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि तरीही न झाल्यास राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

कार्यकर्त्यांसाठी
रुग्णासोबत दवाखान्यात जा, पण त्याने आत बोलावले तरच आत जा. त्याची चिठ्ठी, फोटो, आजाराचे नाव ग्रुपवर टाकू नका, मदतीचे आवाहन करायचे असले तरीही त्याला विचारल्याशिवाय नको. तातडीने बोलण्याची गरज असल्यास टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो वस्तीत, विहाराच्या फलकावर लावून ठेवा.