तळटीप : ‘फोटोपास’

१९७६ साली राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली. तिच्यात नोंदल्या गेलेल्या कुटुंबांना फोटो चिकटवलेले ओळखपत्र मिळाले. तोच हा फोटोपास. निवेदिकेची आई तो तांदळाच्या डब्यात का जपते, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. तो झोपडी ठरलेल्या तारखेआधीची असल्याचा पुरावा होता. पुढे ही पात्रतेची तारीख १९८०, १९८५, १९९५ अशी सरकत गेली, आणि कायदेशीर नळजोडणीही या तारखेला बांधली गेली. त्यानंतर आलेल्यांनी पाणी टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या वस्तीतून पाइप ओढून, हंड्यामागे पैसे मोजून घ्यायचे. (शहरात सर्वांत महाग पाणी सर्वांत गरीब माणूस पितो, ही तक्रार अतिशयोक्त नाही.) पाइप गटाराला लागून जातो, फुटतो, नळाचा दाब गेला की बाहेरची घाण आत ओढली जाते. लेखिका ज्याला ‘पावसाळी हगवण’ म्हणते, तिचे मूळ बऱ्याचदा इथे असते, पावसात नव्हे. शिवाय पाणी रोज येईलच याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी पिंपे; आणि डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि तारखेनंतरच्या झोपड्यांनाही ते देण्यास सांगितले. मात्र अधिकृत रहिवाशांइतक्याच सोयीने द्यावे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा आहे.
— संपा.