जवसाचें तेल आणि कर्बाच्या नळ्या

लांकडी दारास जवसाचें तेल लावून ठेवलें, तर कांहीं दिवसांनीं त्याचा कठीण, तुळतुळीत पापुद्रा बनतो. तेल वाळलें असें लोक म्हणतात. वस्तुतः तें हवेंतील प्राणवायु शोषून घेतें, आणि त्याचे रेणु एकमेकांत गुंफले जातात. हा गुण मनुष्यास फार पूर्वींच कळला होता. अफगाणिस्तानांतील बामियानच्या लेण्यांत, सातव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रांत, असें वाळणारें तेल वापरल्याचें २००८ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें.

या तेलांत काजळी खलण्याची रीतिहि जुनीच. युरोपांतील मुद्रकांची शाई शतकानुशतकें जवसाचें कढविलेलें तेल व काजळी यांचीच होत असे. परंतु तेथें काजळीचें काम रंग देण्यापुरतेंच होतें. ती बळहि देते, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं रबराच्या कारखान्यांत कळून आलें. काजळी घातलेले मोटारींचे टायर कितीतरी अधिक टिकूं लागले.

पुढें रोगणाचें रूपहि पालटलें. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे रसायनज्ञ रॉय कीनल यांनीं तेलांतील अम्लें कृत्रिम राळेशीं जोडून ‘अल्किड’ रोगणें सिद्ध केलीं. तथापि ओलावा त्यांतूनहि हळूहळू झिरपे, आणि लोखंड गंजे.

१९९१ सालीं जपानचे सुमिओ इइजिमा यांनीं कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तशाच नळ्यांचीं छायाचित्रें रशियन शास्त्रज्ञांनीं १९५२ सालींच छापलीं होतीं, पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. या नळ्या केसाहून हजारों पटींनीं बारीक, पण ताणास पोलादाहून बळकट. साहजिकच एरंडेल, जवस, सोयाबीन यांच्या तेलांपासून केलेल्या रोगणांत त्या मिसळून पाहण्यांत आल्या. आसामांतील तेजपूर विद्यापीठांतहि असे प्रयोग झाले.

अडचण एकच, पण मोठी. या नळ्या एकमेकींस चिकटून गुठळ्या होतात, आणि जेथें गुठळी तेथें पापुद्रा दुबळा. म्हणून त्यांवर अम्लाचा संस्कार करावा लागतो, कर्णातीत ध्वनीच्या कंपनांनीं त्या सुट्या कराव्या लागतात, आणि प्रमाण शंभरांत एखाद्या भागाच्या आंतबाहेरच ठेवावें लागतें. कर्ब विजेचा वाहक असल्यामुळें त्याचा अतिरेक लोखंडास उलट गंजवूंहि शकतो. शिवाय २०१४ सालीं कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें या नळ्यांपैकीं एका प्रकारास कर्करोगकारक असण्याचा संभव असलेल्या पदार्थांत गणलें. त्यांची कोरडी पूड श्वासावाटे आंत जाऊं न देणें अगत्याचें आहे.

जुना शाईवाला काजळी तासन् तास खलीत बसे, तो गुठळी राहूं नये म्हणूनच. साधनें पालटलीं, पदार्थ नवा आला. खलण्याचे कष्ट मात्र चुकले नाहींत.