तगाई ते सन्मान निधी

तगाई हा शब्द आता ऐकू येत नाही. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी इंग्रज सरकार विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यासाठी कर्ज देई आणि ते थकले की शेतसाऱ्यासारखे वसूल करी. तेव्हा वाशीम, म्हणजे बासिम, स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला. पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडले.

या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला मदत आली ती संकटातून. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यात वाशीम होता. २००८ ची कर्जमाफी पूर्ण मिळाली ती पाच एकरांपर्यंत. कोरडवाहू सात एकरवाला श्रीमंत, हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे! आणि सावकाराचे कर्ज तर त्यात नव्हतेच.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी याच जिल्ह्यातील पोहरादेवीहून पंतप्रधान मोदींनी किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडला : देशभरात सुमारे ९.४ कोटी शेतकरी, प्रत्येकी २,००० रुपये, थेट बँक खात्यात. मधला हात गेला, ही मला मोठी सुधारणा वाटते. पण जमीन नावावर हवी, आणि वारसाहक्काची सोडली तर १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीची हवी. बटईने किंवा मक्त्याने कसणारा पेरतो, फवारतो, पाऊस हुकला तर बुडतोही तोच. हप्ता मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला जातो, आणि ते नाव पुष्कळदा गावात राहतही नाही.