निर्वासितांस विचारलें तेव्हां



निर्वासितांचा लोंढा आला कीं प्रथम होते ती मोजदाद. तंबू किती लागतील, शिधा किती लागेल, हें ठरविण्यास ती हवीच. परंतु हजेरीपटावरून वर्गांत मुलें किती तें कळतें. उपाशी कोण बसलें आहे तें कळत नाहीं, हें मजसारख्या जुन्या शाळामास्तरास कोणी सांगावयास नको. माणसाची गरज त्याला विचारल्यावांचून समजत नाहीं. आणि विचारलें म्हणजे काय घडूं शकतें, याचें एक उदाहरण आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. तें दिल्लीच्या दक्षिणेकडील फरिदाबादचें आहे.

१९४७ सालीं फाळणी झाली, तेव्हां वायव्य सरहद्द प्रांतांतील बन्नू, डेरा इस्माइलखान, कोहाट, पेशावर या भागांतून हिंदु व शीख कुटुंबें इकडे आलीं. त्यांतील पुष्कळांस कुरुक्षेत्राच्या छावणींत आसरा मिळाला. एक लक्ष माणसांसाठीं आंखलेल्या त्या छावणींत वर्षअखेरीस सुमारें तीन लक्ष लोक राहत होते. पुढें या सरहद्दवासीयांस निरनिराळ्या ठिकाणीं पांगविण्याचा बेत झाला. त्यांनीं तो साफ नाकारला.

वरवर पाहतां हा हट्ट वाटेल. पण ज्यांचें घर, दुकान, शेत सारें गेलें, त्यांच्यापाशीं एकच भांडवल उरलें होतें, तें म्हणजे एकमेकांची ओळख. शब्दाचा पक्का कोण, कोणाच्या हातीं कोणता धंदा, कोणती विधवा निराधार, ही माहिती कोणत्याही कचेरीच्या दप्तरांत नव्हती. ती त्या लोकांजवळच होती. पांगापांग झाली असती तर तीही बुडाली असती.

त्यांचें म्हणणें मान्य झालें. १९४९ सालीं फरिदाबाद विकास मंडळ निघालें. त्याची धुरा वाहणारे पंडित हृदयनाथ कुंझरू हे, नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. तेव्हां आपणांस ते परके नव्हत. कारभार सुधीर घोष पाहत. सहकारी मंडळ्या उभारण्यास कमलादेवी चट्टोपाध्याय व त्यांची इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन पुढें आली.

घरें ठेकेदारानें बांधावयाचीं, हा सरकारी शिरस्ता. येथें तीं निर्वासितांनींच बांधावीं असें ठरलें. जन्मभर तराजू धरलेल्या हातांनीं विटा उचलल्या. फुकटच्या शिध्याच्या जागीं घामाचा पैसा आला, आणि त्याबरोबर गेलेली मानही थोडी ताठ झाली. युद्धभरपाईंत जर्मनीकडून मिळालेलें विजेचें यंत्र आणून तेथें बसविण्यांत आलें, व कारखान्यांची वाट मोकळी झाली.

परंतु ही कथा सर्वस्वी गोड नाहीं. कांहीं वर्षांतच मंडळ संपुष्टांत आलें, कारभार नेहमींच्या खात्यांकडे गेला, आणि सहकारी मंडळ्या एकामागून एक मावळल्या. त्या कामांत स्वतः वावरलेले लक्ष्मीचंद जैन यांनीं १९९८ सालीं हा इतिहास ग्रंथरूपानें लिहून ठेवला. शहर उरलें, भरभराटलें. विचारण्याची रीत मात्र उरली नाहीं.

धरणानें, दंग्यानें, युद्धानें माणसें आजही उठतात. त्यांच्या दारीं, किंवा दार नसेल तर तंबूशीं, वही घेऊन कोणी जातो. त्या वहींत नांव, वय आणि डोकीं यांपुढें आणखी एक रकाना असावा: ‘तुमचें म्हणणें काय?’ तो रकाना कोरा राहिला, तर बाकीची सारी वही भरूनही व्यर्थ होय.